तिरप्या काँक्रीट खांबांचे साचे व टेकू

तिरप्या काँक्रीट खांबांचे साचे व टेकू : ओतलेले काँक्रीट घट्ट होऊन स्वतःचे वजन पेलू लागेपर्यंत त्याला आकार देणारी लाकडी वा पोलादी पेटी म्हणजे साचा आणि त्या पेटीला जागेवर धरून ठेवणारी तात्पुरती चौकट म्हणजे टेकूंचे आधारकाम. बांधकामावर या दोहोंना मिळून सेंटरिंग किंवा शटरिंग असे म्हणण्याचा प्रघात आहे. खांब ओळंब्यात असेल, तर साच्याला मुख्यतः काँक्रीटचा आतून बाहेर येणारा दाब सोसावा लागतो. खांबाचे वजन थेट पायावर उतरते आणि टेकू केवळ साचा सरळ राहावा यासाठी लावतात. खांब ओळंब्यापासून कलला की ही स्थिती बदलते. त्याच्या वजनाचा काही भाग साच्याच्या खालच्या अंगावर येतो. तो खांब अंशतः तुळईसारखा वागू लागतो आणि टेकू हे साहाय्यक न राहता भार वाहणारे घटक होतात. उभ्या खांबाच्या सवयीने तिरप्या खांबाचे काम केल्यास धोका संभवतो तो यामुळेच.

तिरपे खांब ही केवळ वास्तुशिल्पज्ञाची हौस नव्हे. औष्णिक वीज केंद्रांतील शीतलन मनोऱ्यांचे कवच जमिनीपासून काही उंचीवर उचलून धरावे लागते, कारण हवा खालून आत शिरावयाची असते. हे कवच तळाशी बाहेर झुकलेले असल्याने त्याचा भार त्याच दिशेने पायात नेणारे तिरप्या खांबांचे कडे त्याखाली उभारतात. हे खांब बहुधा ‘व्ही’ किंवा ‘एक्स’ या इंग्रजी अक्षरांच्या आकारात असतात. अशा आकाराचा, म्हणजे अपास्तीय पृष्ठाचा, पहिला मनोरा नेदर्लंड्समधील हेर्लेन शहराजवळ १९१८ मध्ये उभारण्यात आला. महाराष्ट्रात चंद्रपूर व कोराडी येथील केंद्रांच्या मनोऱ्यांखाली हे खांब दुरूनही दिसतात. प्रेक्षागारांच्या पायऱ्यांखालील खांब, काही पुलांचे तिरपे पाय आणि ब्राझीलच्या राजधानीतील ऑस्कार नीमायर यांनी संकल्पिलेल्या कॅथीड्रलचे १६ वक्र खांब ही इतर उदाहरणे होत.

भारांचे प्रकार : आधारकामावर येणाऱ्या भारांत पोलादी सळयांसह ओल्या काँक्रीटचे वजन, साच्याचे स्वतःचे वजन, कामगार, व्हायब्रेटर व नळ्या यांचे वजन, काँक्रीट वरून पडताना बसणारा आघात आणि वारा हे प्रमुख होत. सळयांसह काँक्रीटचे वजन दर घ. मी.ला २,५०० ते २,६०० किग्रॅ. धरतात. लाकडी व प्लायवुडच्या साच्याचे वजन, आडव्या-उभ्या पट्ट्या धरून, दर चौ. मी.ला सुमारे ५० किग्रॅ. धरण्यास हरकत नाही. पोलादी साचा असल्यास तो तोलूनच घ्यावा. कामगारांसाठी असलेली परांची शक्यतो साच्यापासून स्वतंत्र ठेवावी. तसे न केल्यास तिचा भार, आणि तोही खांबाच्या सर्वांत बाहेर कललेल्या टोकाशी, गणितात धरावा लागतो. भारतात या कामासाठी भारतीय मानक १४६८७ (१९९९) ही मार्गदर्शिका आहे आणि साचे काढण्याच्या मुदती भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये दिलेल्या आहेत. आजची मानके प्रेरणा किलोन्यूटनमध्ये देतात. या लेखात मात्र बांधकामावर रुळलेले किग्रॅ. व टन हेच एकक वजनाच्या अर्थाने वापरले आहे (१ टन = सु. ९.८ किलोन्यूटन).

पुढील विवेचन एका ठराविक खांबाच्या आधारे केले आहे. खांबाचा छेद, अक्षाशी काटकोनात मोजलेला, ६० × ६० सेंमी. आहे. पायापासून माथ्यापर्यंतची उभी उंची ६ मी. असून माथा पायाच्या मानाने २.५ मी. बाहेर आहे. म्हणून अक्षावरील लांबी ६.५ मी. येते आणि ओळंब्याशी होणारा कोन सु. २२.६° असतो. या कोनाची ज्या ५/१३ व कोज्या १२/१३ असल्याने आकडेमोड सुटसुटीत होते. काँक्रीटचे घनफळ ०.३६ × ६.५ = २.३४ घ. मी. व वजन, घनता २,५०० धरून, ५,८५० किग्रॅ. होते. चारही बाजूंच्या साच्याचे क्षेत्रफळ १५.६ चौ. मी. व वजन ७८० किग्रॅ. आहे. एकूण वजन ६,६३० किग्रॅ.

आतून येणारा दाब : नुकतेच ओतलेले व व्हायब्रेटरने हलविलेले काँक्रीट जवळजवळ जड द्रवाप्रमाणे वागते. द्रवाचा दाब पृष्ठभागापासूनच्या उभ्या खोलीवर अवलंबून असतो. तिरप्या लांबीचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणून वरील खांबाच्या तळाशी दाब ६ × २,५०० = १५,००० किग्रॅ. दर चौ. मी. होतो, ६.५ मी. धरून येणारा १६,२५० नव्हे. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची असल्याने चालून जाते. परंतु वजनाचे गणित करताना याच्या उलट चूक, म्हणजे अक्षीय लांबीऐवजी उभी उंची घेण्याची चूक, होते आणि ती मात्र धोक्याच्या बाजूची असते.

काँक्रीट सावकाश ओतल्यास खालचे थर घट्ट होऊ लागतात व दाब पूर्ण द्रवाइतका वाढत नाही. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने यासाठी पुढील सूत्र दिले आहे :

दा = ७.२ + ७८५ वे ÷ (ता + १७.८)

येथे दा हा किलोन्यूटन दर चौ. मी. या एककातील महत्तम दाब, वे हा काँक्रीटची पातळी चढण्याचा ताशी मीटरमधील वेग आणि ता हे काँक्रीटचे सेल्सिअस तापमान आहे. हे सूत्र साधे सिमेंट, नेहमीची घनता व मर्यादित खोलीपर्यंतचे कंपन यांसाठी असून सिमेंटचा प्रकार व घनता यांप्रमाणे त्याला गुणक लावतात. येणारे उत्तर ३० पेक्षा कमी धरावयाचे नसते आणि पूर्ण द्रवाच्या दाबापेक्षा अधिक धरण्याचे कारण नसते. पातळी ताशी २ मी. वेगाने चढविली आणि काँक्रीट ३०° से. असले, तर दाब ४०, म्हणजे दर चौ. मी.ला सु. ४.१ टन येतो. हिवाळ्यातील पहाटे काँक्रीट १०° से. असल्यास त्याच वेगाला तो ६३.७, म्हणजे सु. ६.५ टन होतो. पंपाने हा खांब अर्ध्या तासात भरता येतो. तेव्हा वेग ताशी १२ मी. असतो आणि सूत्राचे उत्तर पूर्ण द्रवाच्या दाबाच्याही पुढे जाते. अशा वेळी पूर्ण १५ टन दाबच धरावा लागतो. स्वतःहून पसरणाऱ्या आधुनिक काँक्रीटसाठी व घट्ट होणे लांबविणारी रसायने घातलेल्या मिश्रणांसाठीही हेच योग्य. २ घ. मी.च्या आसपासच्या खांबासाठी ओतण्याचा वेग ताशी २ मी.वर रोखून धरील असा मुकादम विरळा, म्हणून खांबांच्या बाबतीत सूत्राची सवलत न घेणे शहाणपणाचे ठरते.

दाब व वजन यांतील भेद : तिरप्या खांबाच्या गणितात सर्वाधिक गोंधळ होतो तो येथे. वरील खांब पूर्ण द्रवरूप मानल्यास साच्याच्या खालच्या अंगावर एकूण सु. ३०.४ टन रेटा येतो. हा सर्व रेटा टेकूंनी पेलावयाचा असे समजल्यास टेकूंचे जंगल उभारावे लागेल. आणि तो रेटा मुळीच विचारात न घेतल्यास साचा फुटेल. वस्तुस्थिती अशी की, त्याच वेळी साच्याच्या वरच्या अंगावर, म्हणजे झाकणावर, सु. २८.१ टन रेटा उलट दिशेने येत असतो. अक्षाच्या कोणत्याही ठिकाणी खालचे अंग वरच्या अंगापेक्षा ०.६ × ५/१३ = ०.२३ मी. अधिक खोलीवर असते, म्हणून खालच्या अंगावर दाब तेवढ्याच प्रमाणात जास्त असतो. दोन रेट्यांतील फरक २.२५ टन आणि तो काँक्रीटच्या वजनाच्या अक्षाला लंब असलेल्या घटकाएवढा, म्हणजे ५,८५० × ५/१३ किग्रॅ. एवढाच, भरतो. टेकूंवर येतो तो हा फरक. उरलेले रेटे परस्परांना तोलतात, मात्र समोरासमोरची अंगे एकमेकांशी घट्ट बांधलेली असतील तरच.

ही बांधणी साच्याभोवतीच्या पोलादी कड्यांनी किंवा आरपार जाणाऱ्या ताणसळयांनी करतात. कामावर या कड्यांना क्लॅम्प किंवा योक म्हणतात. तळाशी त्यांतील अंतर ४० सेंमी. ठेवल्यास एका क्लॅम्पवर एका दिशेने १५ × ०.६ × ०.४ = ३.६ टन, म्हणजे दोन बाजूंच्या प्रत्येक सळईवर १.८ टन ताण येतो. वर जावे तसा दाब कमी होत असल्याने अंतर वाढवता येते. उभ्या खांबात एखादा क्लॅम्प सैल राहिला, तर साचा फुगतो व काँक्रीट गळते. तिरप्या खांबात झाकण सैल राहिले, तर ते वर उचलले जाते आणि खालच्या अंगाचा रेटा तोलणारे काही न उरल्याने तो टेकूंवर जातो. झाकणाच्या बाजूला वजन नाही, तेथे काय व्हावयाचे, हा समज म्हणूनच घातक होय.

वजनाचा अक्षाला समांतर घटक ५,८५० × १२/१३ = ५,४०० किग्रॅ. आहे. काँक्रीट द्रवरूप असताना तो तळाच्या स्टार्टरवर, म्हणजे आधी ओतलेल्या लहान बैठकीवर, दाबाच्या रूपाने उतरतो. साच्यावर तो येत नाही.

टेकूंवरील भार : साचा, सळया व काँक्रीट मिळून पायाशी बिजागरीने जोडलेला एक ताठ दांडा आहे असे मानले म्हणजे गणित सोपे होते. एकूण ६,६३० किग्रॅ. वजनाचा अक्षाला लंब घटक २,५५० किग्रॅ. असून तो लांबीवर समान पसरलेला, म्हणजे दर मी.ला ३९२ किग्रॅ. आहे. पायाभोवती त्याचे परिबल २,५५० × ३.२५, म्हणजे सु. ८,२९० किग्रॅ.-मी. होते. टेकू अक्षावर पायापासून ५.२ मी. अंतरावर लावला, तर त्या जागी अक्षाला लंब अशी १,५९४ किग्रॅ. प्रतिक्रिया मिळाली पाहिजे. ही जागा जमिनीपासून ४.८ मी. उंच व पायापासून आडवी २ मी. दूर आहे.

सहज सुचणारा उपाय म्हणजे तेथे उभा टेकू देणे. परंतु उभ्या प्रेरणेचा अक्षाला लंब घटक केवळ ५/१३ पट असतो, म्हणून टेकूवर १,५९४ × १३/५, म्हणजे ४,१४४ किग्रॅ. येतात. शिवाय या प्रेरणेचा दुसरा घटक, ३,८२५ किग्रॅ. इतका, साच्याला त्याच्या उताराच्या दिशेने वर ढकलतो. साच्याच्या स्वतःच्या वजनाचा ७२० किग्रॅ. एवढा घटक त्याला खाली ओढतो. बाकी ३,१०५ किग्रॅ. साठी साचा पायाशी बोल्टांनी जखडून ठेवावा लागतो. हे न केल्यास एक तर साचा वर सरकतो व तळाशी फट पडून काँक्रीट निसटते, किंवा टेकूचे डोके उतारावरून घसरते. केवळ घर्षणावर विसंबणे योग्य नाही. साच्याच्या खालच्या अंगावर पक्के ठोकळे ठोकून त्यांत पाचर बसवावी, म्हणजे टेकूच्या डोक्याला सपाट बूड मिळते.

टेकू बाहेरून आत कललेला, जमिनीशी ६०° कोनात लावल्यास चित्र पालटते. त्याच्या प्रेरणेचा लंब घटक ०.७९५ पट असल्याने टेकूवर सु. २,००६ किग्रॅ. येतात, म्हणजे उभ्या टेकूच्या निम्मेच. साच्याला वर ढकलणारा घटक १,२१८ किग्रॅ. राहतो व पायाशी ४९८ किग्रॅ.ची जखडण पुरते. याचे मोल मात्र दुसरीकडे द्यावे लागते. टेकूचा पाय जमिनीवर १,००३ किग्रॅ. आडवा रेटा देतो व बाहेर सरकू पाहतो, तर खांबाच्या पायावर तेवढाच रेटा उलट दिशेने येतो. टेकूचा पाय खांबाच्या पायाशी आडव्या पोलादी पट्टीने किंवा सळईने बांधला, तर हे दोन्ही रेटे त्या पट्टीतच एकमेकांना तोलतात आणि जमिनीवर फक्त उभा भार उरतो. पायाकडच्या टोकाला खुंटी ठोकून भागविण्यापेक्षा ही व्यवस्था पुष्कळच भरवशाची आहे.

टेकू आणखी कलता, ४५° कोनात ठेवल्यास त्यावरील भार १,७२४ किग्रॅ. इतका थोडा कमी होतो, पण आडवा रेटा १,२१९ किग्रॅ. होतो व टेकूची लांबी ६.८ मी.वर जाते. उभ्या टेकूची लांबी ४.८ मी. व ६०° वरील टेकूची ५.५ मी. असते. सडपातळ दांडा दाबाखाली चिरडून नव्हे, तर बाक येऊन निकामी होतो आणि त्याची क्षमता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे लेओनार्ट ऑयलर यांनी १७४४ मध्ये दाखविले. त्यानुसार ६.८ मी. लांबीच्या टेकूची क्षमता त्याच जातीच्या ४.८ मी. टेकूच्या निम्मी असते. म्हणून ५५° ते ६५° या दरम्यानचा कोन सामान्यतः सोयीचा पडतो. लांब टेकूंना मध्ये दोन्ही दिशांनी आडवे बंध दिल्यास त्यांची परिणामी लांबी कमी होते. बाजारात मिळणाऱ्या लांबी बदलता येण्याजोग्या पोलादी टेकूंच्या तक्त्यांतील क्षमता उभ्या व मध्यावर भार असलेल्या टेकूसाठी दिलेली असते. तो तिरपा लावला की स्वतःच्या वजनानेही वाकतो आणि भार डोक्याच्या कडेवर येतो. तक्त्यातील आकडा अशा ठिकाणी जसाच्या तसा घेऊ नये. बांबू किंवा वासे यांचा सरसकट वापर तिरप्या खांबाला सर्वथा अयोग्य होय.

प्रत्यक्षात एकाच टेकूऐवजी दोन वा तीन टेकू लावतात, कारण ५.२ मी. गाळ्यात साचा वाकतो व खांबाला पोट येते. काँक्रीट खालून वर चढत असल्याने आरंभी खालचा टेकू भारित होतो आणि वरचा सैल असतो. भराई पूर्ण होते तेव्हा भार वरच्यावर सरकतो. म्हणून प्रत्येक टेकू त्याच्या वाट्याच्या सर्वांत प्रतिकूल अवस्थेसाठी तपासावा व पाचरी भराई चालू असतानाही पाहत राहाव्यात.

जमीन : टेकू कितीही भक्कम असला, तरी त्याखालची जमीन खचल्यास उपयोग नाही. वरील उदाहरणात उभ्या टेकूचा पाय १ सेंमी. खचला, तर साचा पायाभोवती फिरून खांबाचा माथा आडवा ३ सेंमी. सरकतो. ६०° वरील टेकू १ सेंमी. मागे गेला, तर ही सरक त्याच्या निम्मी असते. सोसण्याची क्षमता दर चौ. मी.ला १० टन असलेल्या जमिनीवर ४.१ टन भारासाठी सु. ०.४१ चौ. मी.ची, म्हणजे ६५ सेंमी. बाजूची बैठक लागते. टेकूच्या पायाची पोलादी चकती यापेक्षा फारच लहान असते. दख्खनच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात घट्ट वाटणारी जमीन पहिल्या पावसात मऊ होते. भराई आणि टेकू काढणे यांत दोनतीन आठवड्यांचे अंतर असल्याने मे महिन्यात उभारलेले टेकू जूनच्या चिखलात उभे असण्याचा संभव असतो. तेथे मुरमाची भर घालून त्यावर काँक्रीटची बैठक व पाण्याला वाट ठेवणे आवश्यक आहे. नव्याने भरलेल्या चरावर टेकू ठेवू नये.

वारा : वाऱ्याचा विचार दोन अवस्थांत करावा लागतो. भरलेला साचा जड असल्याने त्याला कलाच्या प्रतलात वाऱ्याचे भय थोडे; बाजूने मात्र त्याला टेकूंचा आधार नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना ताण किंवा तिरपे बंध द्यावे लागतात. रिकामा साचा वेगळ्या तऱ्हेने धोकादायक असतो. ताशी सु. १४५ किमी. वेगाच्या झोताचा दाब दर चौ. मी.ला १०० किग्रॅ. असतो. तो खालच्या अंगावर आला, तर ३.९ चौ. मी. क्षेत्रावर ३९० किग्रॅ. रेटा होतो. रिकाम्या साच्याच्या वजनाचा लंब घटक मात्र केवळ ३०० किग्रॅ. आहे. अर्थात साचा टेकूवरून उचलला जाऊन मागे उलटू शकतो. टेकू हा दाब घेतो, ताण घेत नाही. म्हणून त्याची दोन्ही टोके बोल्टांनी जोडणे किंवा उलट दिशेने ताण देणे हाच उपाय. कोकण किनाऱ्यावरील कामात हे विसरून चालत नाही.

साचे व टेकू काढणे : भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटसाठी, हवामान १५° से.पेक्षा थंड नसल्यास, खांबांच्या उभ्या बाजूंचे साचे १६ ते २४ तासांनी काढता येतात. ६ मी.पर्यंतच्या तुळयांखालील टेकू १४ दिवस व त्याहून लांब तुळयांखालील २१ दिवस ठेवावे लागतात. तिरपा खांब यांपैकी कशात मोडतो, हा प्रश्न कामावर नेहमी पडतो. झाकण व दोन्ही बाजू यांना खांबाची मुदत लावण्यास प्रत्यवाय नाही; खालचे अंग व टेकू यांना तुळईचीच मुदत लावली पाहिजे. मुदतीपेक्षाही काँक्रीटला प्रत्यक्षात आलेले बळ महत्त्वाचे असते. खांबाशेजारीच, त्याच हवेत ठेवलेले घन फोडून ते ठरविणे उत्तम.

असे का, हे आकड्यांवरून कळेल. माथा कशालाही जोडलेला नसताना टेकू काढले, तर खांब पायात रोवलेला कँटिलीव्हर बनतो. त्याच्या स्वतःच्या वजनाचे पायाशी परिबल ५,८५० × १.२५, म्हणजे सु. ७,३१० किग्रॅ.-मी. होते. छेदाचा मापांक ०.०३६ घ. मी. असल्याने वरच्या अंगावर दर चौ. सेंमी.ला २०.३ किग्रॅ. ताण निर्माण होतो. अक्षीय दाबाने त्यातून १.५ वजा होऊन १८.८ उरतो. दाबबल दर चौ. सेंमी.ला सु. २५० किग्रॅ. असलेल्या पूर्ण पक्व काँक्रीटचे वाकतानाचे ताणबल सु. ३५ किग्रॅ. असते, तेव्हा ते तडकणार नाही. परंतु दाबबल ५० किग्रॅ.वर असलेल्या, एकदोन दिवसांच्या काँक्रीटचे ताणबल १६ किग्रॅ.च्या आसपास असते. ते तडकते, आणि त्या वयात सळयांची काँक्रीटवरची पकडही कच्ची असल्याने सारा भरवसा सळयांवर टाकता येत नाही.

कोवळ्या काँक्रीटवर भार टाकण्याचे परिणाम किती भयंकर असू शकतात हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे दिसून आले. तेथे २७ एप्रिल १९७८ रोजी बांधकाम चालू असलेल्या शीतलन मनोऱ्याच्या माथ्यावरील साचे व परांची कोसळून ५१ कामगार मृत्युमुखी पडले. परांचीची सर्व चौकट कवचालाच, आदल्या दिवशी ओतलेल्या थराला, जखडलेली होती. रात्र थंड गेल्याने तो थर पुरेसा पक्का झाला नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. तेथील टेकू जमिनीवर नव्हते, आधीच्या काँक्रीटवर होते. तिरप्या खांबाच्या वरच्या टप्प्याचे साचे जेव्हा खालच्या टप्प्याला जखडतात, तेव्हा हीच स्थिती असते. त्यापूर्वी, २ मार्च १९७३ रोजी व्हर्जिनियातील बेलीज क्रॉसरोड्स येथे एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्याखालील टेकू वेळेपूर्वी काढल्याने ती इमारत उंचीभर कोसळली व १४ कामगार ठार झाले.

मजल्याचा रेटा : तिरप्या खांबाचे काँक्रीट पक्के झाले म्हणजे टेकूंचे काम संपले असे नसते. त्याच्या माथ्यावर मजल्याचा जो भार येतो त्याच्या ५/१२ पट आडवा रेटा माथ्याशी निर्माण होतो. २४ टन भाराला १० टन. पूर्ण झालेल्या इमारतीत हा रेटा मजल्याची लादी व तुळया ताणाच्या रूपाने घेतात आणि समोरच्या खांबाकडे किंवा जिन्याभोवतीच्या भिंतींकडे पोचवितात. परंतु ओतण्याच्या दिवशी लादी हा निव्वळ भार असतो, बंध नसतो. तो रेटा त्या दिवशी टेकूंनाच घ्यावा लागतो. म्हणून वरची लादी भरण्यापूर्वी तिरप्या खांबाखालचे टेकू हलवू नयेत, उलट लादीच्या भारासह ते पुन्हा तपासावेत. समोरासमोर सारखेच कललेले खांब असतील, तर त्यांचे माथे पोलादी बंधाने तात्पुरते जोडून दोन्ही रेटे परस्परांत तोलता येतात. शीतलन मनोऱ्यात खांबांच्या माथ्यावरचे वर्तुळाकार कडे हेच काम कायमचे करते. म्हणून कडे पुरे होऊन त्याला बळ येईपर्यंत प्रत्येक जोडीला स्वतंत्र आधार ठेवतात. टेकू काढताना सर्व स्क्रू थोडेथोडे, अनेक फेऱ्यांत सैल करतात. माथा जोडलेला असल्यास मधल्या टेकूपासून दोन्ही टोकांकडे आणि माथा मोकळा असल्यास मोकळ्या टोकाकडून पायाकडे, असा क्रम पाळतात. प्रत्येक फेरीनंतर माथ्याची जागा दुर्बिणीने मोजून सरक थांबली असल्याची खात्री केल्यावरच पुढची फेरी घेतात.